घागरीचं तोंड उघडं ठेवा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांत आधी घागर भरली जाते. कुंभाराकडून आणलेली नवी मातीची घागर, तिच्या गळ्याला सुताचे वेढे, तोंडावर लहानसं भांडं, त्यावर खरबूज, शेजारी सांजोरी आणि आमरसाची वाटी. गेलेल्या माणसांच्या नावानं पाणी ठेवायचं, मग जेवायला बसायचं. खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. माझी आजी घागर भरताना कळशी सावकाश ओतायची. अर्धी झाली की थांबायची. "नवी माती पहिले स्वतः पेते," म्हणायची. थोड्या वेळानं पाण्याची पातळी खाली गेलेली असे, घागरीच्या अंगावर ओलसर काळपट डाग उमटलेला असे. मग ती पुन्हा भरायची, काठोकाठ.

गेल्या आखाजीला आम्ही ती घागर विकतच्या जारच्या पाण्यानं भरली. शेतातल्या विहिरीत पाणी नव्हतं, गावातल्या विहिरीत नव्हतं, आणि नळाला पाणी यायला अजून पाच दिवस होते. वाडवडिलांच्या नावानं ठेवायचं पाणीसुद्धा त्यांनीच खणलेल्या विहिरीतून काढता येऊ नये, हे मला त्या दिवशी जेवताना घशाखाली उतरलं नाही. हा लेख तेव्हापासून मनात आहे.

मी यावल तालुक्यातला. रावेर, यावल, चोपडा हे तीन तालुके म्हणजे जळगाव जिल्ह्यातला तापीचा उत्तर काठ. वर सातपुडा, खाली तापी आणि मध्ये वीसेक किलोमीटर रुंदीची काळी कसदार पट्टी. भुसावळहून रेल्वेनं बऱ्हाणपूरकडे निघालात की खिडकीतून जी न संपणारी हिरवी केळी दिसते, ती हीच. बाहेरून येणारा माणूस हे पाहून म्हणतो, "तुम्हाला काय कमी, नदी उशाशी आहे." त्याला तापी माहीत नसते.

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे धावतात. नर्मदा आणि तापी या दोघी पश्चिमेच्या. दोन्ही बाजूंना कडा आणि मध्ये खचलेली जमीन, अशा खोल पन्हाळीतून तापी वाहते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग. लाखो वर्षांत या पन्हाळीत गाळ साचत गेला, शेकडो फूट जाडीचा. खान्देशची शेती उभी आहे ती त्या गाळावर. पण नदीनं स्वतःसाठी खोल पात्र कोरून घेतलं आहे. काठावर उभं राहिलं तर पाणी कितीतरी खाली दिसतं, आणि काठाची जमीन घळींनी फाटलेली. नदी शेजारी असूनही तिचं पाणी आपल्या पायांनी आमच्या शेतात येत नाही. आम्ही तापीच्या काठावर राहतो, पण पितो आणि पिकवतो ते जमिनीखालच्या पाण्यावर. एवढी एक गोष्ट समजली की पुढचं सगळं समजतं.

हे जमिनीखालचं पाणी येतं कुठून? सातपुड्यातून सुकी, भोकर, मोर, गुळी, अनेर आणि कितीतरी बिननावाचे नाले खाली उतरतात. डोंगर संपतो आणि सपाटी सुरू होते तिथं त्यांचा वेग एकदम मोडतो. डोंगरातून वाहून आणलेले धोंडे, गोटे, खडी, जाड वाळू ते तिथंच टाकून देतात. हजारो वर्षं असं टाकत टाकत पायथ्याशी गोट्यांचा एक लांबलचक पट्टा तयार झाला आहे. भूजलाची माणसं त्याला बझाडा म्हणतात. या पट्ट्यावर पावसाळ्यात नाला आला की बघता बघता जिरतो. वर फेसाळत आलेलं पाणी दोन किलोमीटर खाली गेलं की नुसती ओली वाळू उरते. ते पाणी वाया जात नाही. जमिनीच्या पोटातून हळूहळू दक्षिणेकडे, आमच्या केळीखाली सरकतं. सपाटीवर वरच्या गाळात चिकणमातीचे थर आहेत. त्यातून पावसाचं पाणी खोलवर पोचायला फार अवघड जातं. खोल पाण्याची वाट पायथ्याशीच आहे.

म्हणजे आमचा हा सारा प्रदेश एक मोठी घागर आहे आणि तिचं तोंड सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गेली चाळीस-पन्नास वर्षं आम्ही घागरीच्या बुडाला भोकं पाडतोय आणि तोंडावर माती टाकतोय.

माझ्या आजोबांच्या विहिरीवर मोट होती. थारोळ्याचे दगड अजून जागेवर आहेत, धावेवर आता बाभळी उगवल्यात. मोटेनं पाणी काढता येत होतं म्हणजे पाणी किती वर असेल, याचा विचार करा. सात-आठ परसांच्या खाली बैलाला ओढवतच नाही. वडिलांच्या काळात इंजिन आलं, मग वीज आली आणि विहिरीच्या तळात बोअर मारलं गेलं. पुढं विहीर सोडूनच दिली आणि ट्यूबवेल केली. आता आमच्याकडे पाण्याचं बोलणं एका वाक्यात होतं: "यंदा दोन पाईप वाढवले." म्हणजे मोटर आणखी चाळीस फूट खाली सोडली. दरवर्षी कोणी ना कोणी दोन पाईप वाढवतो. मध्यंतरी शेजारच्या मळ्यात रात्रभर बोअरची गाडी घरघरत होती. सकाळी मी बांधावर गेलो.

"काय भो, लागलं का?"

"सहाशेला ओल आली. अजून शंभर जाऊ."

त्या शंभरातही काही लागलं नाही. गाडी गेली, मागं पांढऱ्या चिखलाचा ढीग आणि केसिंगचा पाईप उभा राहिला. पाईपाच्या तोंडाला त्यानं गोणपाट बांधलं होतं, कुणाचं लेकरू आत पडू नये म्हणून. त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. बाग उभी होती, घड निसवायला आले होते, त्याला दुसरा रस्ता नव्हता. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहण्यांत रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित गटात आलेले आहेत. साध्या भाषेत, वर्षभरात जेवढं पाणी आत मुरतं त्याहून जास्त आपण बाहेर काढतो.

हिशेब कठीण नाही. प्रत्येकानं आपल्या बांधावर बसून करावा असा आहे. केळीला वर्षभरात साधारण १,८०० मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. एका एकराला ते सुमारे ७३ लाख लिटर होतं. आमच्या भागात पाऊस पडतो ७०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे त्याच एकरावर आकाशातून पडतं सुमारे २८ लाख लिटर, तेही सगळं मुरत नाही; बरंचसं वाहून आणि उडून जातं. ठिबकनं गरज बरीच खाली येते आणि आमचा शेतकरी ठिबकमध्ये देशात पुढं आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली, तर जमिनीच्या पोटात काही उरत नाही. हे आपण सगळ्यांनी केलं आहे. मी सुद्धा.

आणि ही केळी काही साधी गोष्ट नाही. मृगात लावलेली मृगबाग, पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, जुन्या खोडाच्या पिलांवर राखलेली पिलबाग या शब्दांवर इथल्या घरांचं वर्ष चालतं. लग्न कधी काढायचं, घराचा स्लॅब कधी टाकायचा, पोराची कॉलेजची फी कुठून भरायची, सगळं बागेच्या कापणीवर ठरतं. सावदा, रावेर, निंभोरा या स्थानकांवरून केळीच्या वॅगन दिल्लीकडे जात आल्या आहेत. उत्तरेतल्या बाजारात दिसणाऱ्या केळीचा मोठा वाटा या पट्ट्यातून जातो. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तसंच ते जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मिळालं. ही वांगी बामणोदच्या परिसरात पिकतात. थंडीत काड्यांच्या आगीत भाजलेल्या त्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची पुरी ज्यानं शेताच्या बांधावर खाल्ली आहे त्याला हॉटेलातलं भरीत गोड लागत नाही. केळीमागं घड कापणारे, वाहणारे, पॅकिंग करणारे, ट्रक चालवणारे, रोपं तयार करणारे, खतं विकणारे अशी हजारो माणसं उभी आहेत. दक्षिण काठावर कापूस आहे. जळगाव जिल्ह्यात दरवर्षी पाच लाख हेक्टरांच्या आसपास कापूस लागतो. जळगावची डाळ आणि सोनं देशभर माहीत आहे. पण सराफा बाजारातल्या दुकानदाराला विचारा, गिऱ्हाईक कधी येतं? बागेचा पैसा हातात आला की येतं. पाणी गेलं तर पहिलं शेतकऱ्याचं घर हलेल, त्याच्या पाठोपाठ बाजारपेठ.

ही जमीन आज कसायला घेतलेली नाही. तापीखोऱ्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी शेती करणाऱ्या माणसांच्या वस्त्या होत्या. तापीकाठच्या सावळदा गावावरून त्या संस्कृतीला पुरातत्त्वात सावळदा संस्कृती म्हणतात. प्रकाश्याच्या टेकाडात उत्खनन झालं तेव्हा तिथंही तशीच जुनी वस्ती सापडली. चार हजार वर्षं लोक इथं पिकवत आले आणि त्यांना पाणी पुरलं. आपल्या दोन पिढ्यांत ते खाली गेलं.

पाहायला काय आहे इथं, असं पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात. मी त्यांना नेहमी एकच सांगतो: पाण्याच्या मागं मागं या. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे, जवळच मुक्ताबाईचं ठाणं. कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते आणि वारीला येणाऱ्या पालख्यांमध्ये फार लांबचा रस्ता चालून जाते. संगमाच्या खाली हतनूरचं धरण, ४१ दरवाज्यांचं. हिवाळ्यात त्याच्या जलाशयावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. पहाटे धुक्यात त्यांचा कलकलाट ऐकायला मी कितीदा गेलो आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. सातपुड्याच्या कुशीत पाल आहे, यावल अभयारण्य आहे, मनुदेवीचं ठिकाण आहे, जिथं पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो. पश्चिमेला सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते, तीही तापीच्या काठावर. पांझरा तापीला मिळते तिथं कपिलेश्वर आहे. आणि अजिंठा? ती लेणी ज्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या वळणावर कोरली आहेत, ते वळण वाघूर नदीचं आहे. ती वाघूर पुढं जळगाव जिल्ह्यात येऊन तापीला मिळते. जगभरातून माणसं अजिंठ्याला येतात आणि तिथल्या दरीत उन्हाळ्यात जिच्या पात्रातले कोरडे दगड पाहतात, तीच नदी खाली जळगाव शहराला पाणी पाजते.

या सगळ्या ठिकाणांना पाण्यानंच माणसं आणली. संगम कोरडा पडला तर देऊळ उभं राहील, पण तिथं जायला कोणाला आनंद होईल?

आता दोन गोष्टी मला जिवाच्या तळमळीनं सांगायच्या आहेत, कारण त्यांबद्दल आपण एकमेकांच्या तोंडावर बोलत नाही.

पहिली गोष्ट वाळूची. नाल्यातली वाळू आणि गोटे म्हणजे घागरीच्या तोंडावरचं गाळणं. ते पाण्याला थोपवतं, स्वच्छ करतं आणि आत सोडतं. ते उचलून नेलं की खालची मुरमाड किंवा चिकण जमीन उघडी पडते आणि पूर दोन तासांत तापीला जाऊन मिळतो. पूर्वी आमच्या गावच्या नाल्यात पावसाळा सरल्यावरही पाणी खेळायचं. आम्ही पोरं वाळूत हातभर खड्डा केला की त्यात गोड पाणी जमायचं, ओंजळीनं पिऊन शाळेत जायचो. आज त्या नाल्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत आणि उघडे पडलेले दगड. रात्री वाळू भरणारा आणि सकाळी केळीला पाणी नाही म्हणून रडणारा कधीकधी एकाच घरातला असतो. भावांनो, आपल्या घराच्या स्लॅबसाठी लागणारी वाळू आपण आपल्याच विहिरीतून काढतो आहोत.

दुसरी गोष्ट डोंगराची. सातपुड्यात पावरा, बारेला, तडवी भाऊबंद राहतात. घागरीचं तोंड त्यांच्या अंगणात आहे. डोंगरावरचं अंजन, सालई, साग टिकलं तर पाऊस अडतो आणि नाला महिनाभर जास्त वाहतो. डोंगर बोडका झाला तर धोंड्यांबरोबर मातीही खाली येते आणि गोट्यांच्या पट्ट्यावर तिचा लेप बसतो. खाली केळी पिकवून गाड्या घेणाऱ्यांनी वर राहणाऱ्यांना कधी विचारलं का, की तुम्हाला झाडं ठेवायला काय लागतं? त्यांच्या पाड्यावर उन्हाळ्यात प्यायचं पाणी आहे का? आमच्या केळीचं पाणी ज्यांच्या दारातून येतं त्या पाड्यांवरच्या बाया एप्रिलात दोन-दोन डोंगर उतरून हंडे नेतात. आपल्या गावच्या सोसायट्यांनी, फळबागायतदारांच्या संघांनी आणि साखर व केळीच्या व्यवहारावर उभ्या असलेल्या पतसंस्थांनी दर हंगामात थोडा वाटा डोंगरातल्या बांधबंदिस्तीला आणि पाड्यांच्या पाण्याला द्यावा. हे दान नव्हे. पाण्याची किंमत आहे ती.

काही जण म्हणतात, आता मेगा रिचार्ज येतोय, मग काळजी कशाला? १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोरे मेगा रिचार्ज योजनेचा करार झाला. तापीचं पुराचं पाणी वरच अडवून सातपुड्याच्या पायथ्यानं कालव्यांतून फिरवायचं आणि याच गोट्यांच्या पट्ट्यात जिरवायचं, अशी ती कल्पना आहे. दोन्ही राज्यांचं मिळून ३१.१३ टीएमसी पाणी तिच्यात वापरलं जाणार आहे. या कल्पनेसाठी आमच्या भागातल्या जाणत्या माणसांनी वर्षानुवर्षं कागद फिरवले आहेत आणि ती पूर्ण व्हावी म्हणून आपण सगळ्यांनी एका आवाजात बोललं पाहिजे. पक्ष कोणताही असो. पण एवढी मोठी योजना दोन राज्यांतली जमीन, जंगल, पैसा या सगळ्यांतून पुढं सरकते. ती येईपर्यंत किती पावसाळे जातील? आणि ती आली तेव्हा पायथ्याचे नाले वाळू उपसून उघडे पडलेले असतील, ओढ्यांवर प्लॉट पडलेले असतील, तर ते पाणी जिरवणार कुठं? योजना येवो अथवा लांबो, घागरीचं तोंड साफ ठेवणं आपल्याच हातात आहे.

पाणी वाटून घेण्याची अक्कल आपल्याला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. खान्देशात पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळे जण एकच पीक घेणार, पुढच्या वर्षी ते पीक दुसऱ्या फडात जाणार. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, पण सगळ्यांनी मिळून ठेवायचा. पाटावर पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागले; त्यांना गावानंच नेमायचं, गावानंच धान्य द्यायचं. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी हे पाटकरी ठरवायचा आणि मोठ्या जमीनदारालाही त्याचं ऐकावं लागायचं. आज ट्यूबवेलच्या काळात प्रत्येकाचा पाट वेगळा, पण त्याचं मूळ एकच आहे, जमिनीच्या पोटात. म्हणून फडाचा कायदा पुन्हा लागू करायला हवा, आता जमिनीखालच्या पाण्याला. ज्या वर्षी पाणी उतरलं त्या वर्षी गावानं बसून ठरवावं की नवी कांदेबाग किती एकर लावायची. एकट्यानं थांबून उपयोग नाही. आपण थांबलो तर शेजारचा उपसेल ही भीती खरी आहे. म्हणूनच हे एकेकट्यानं होणारं काम नाही, गावाचं काम आहे.

आणि या भागानं मोठी कामं हातात घेतलेली आहेत. १९३६ च्या डिसेंबरात आमच्या फैजपूरला राष्ट्रीय काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी मंडप-कमानी सजवल्या. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी गावोगाव फिरले. खेड्यातल्या माणसांनी मिळून ते नगर उभं केलं. आसोद्यात जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंनी याच मातीत कामं करता करता अख्ख्या महाराष्ट्राला शहाणं केलं. या मातीत पुरुषांची मेहनत आणि बायांचं शहाणपण दोन्ही आहे. फक्त ते एका कामाला जुंपायचं आहे.

म्हणून माझं मागणं हे असं आहे, आणि ते या उन्हाळ्यापुरतं आहे, पुढच्या शंभर वर्षांचं नाही.

ज्यांच्या शेतात कोरडी विहीर आहे त्यांनी ती बुजवू नये. माझी हात जोडून विनंती आहे. शेताचा उतार जिथं येतो तिथं एक खड्डा करा. खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू भरा आणि तिथून पाईप विहिरीत सोडा. गढूळ पाणी सरळ सोडू नका, विहिरीच्या झऱ्यांना गाळ बसेल. फवारणीचं पाणी त्या खड्ड्याकडे जाऊ देऊ नका. दरवर्षी पावसाआधी वरची वाळू खरडून धुऊन पुन्हा टाका. आजोबांनी खणलेली विहीर पाणी देईनाशी झाली, तरी ती पाणी प्यायला अजून तयार आहे.

पायथ्याच्या गावांनी आपल्या हद्दीतल्या गोट्यांच्या नाल्यावर पहारा बसवावा. तिथं घरं, कोंबड्यांचे शेड, प्लॉट, कचरा काही टाकू द्यायचं नाही. जुने बंधारे फुटले असतील तर श्रमदानानं सांधा. गाळ काढून आपल्याच शेतात टाका, जमीन चांगली होईल. पण काढायचा तो गाळ, वाळू नव्हे. बंधाऱ्यात साचलेल्या वाळूवर डोळा ठेवणाऱ्याला गावानं तोंडावर नाही म्हणावं.

शहरात राहणाऱ्यांनी, जळगाव, भुसावळ, सावदा, फैजपूर, चोपडा, तुमच्या छपराकडे बघा. हजार चौरस फुटांच्या छपरावर आमच्या पावसात साठ हजार लिटरांहून जास्त पाणी पडतं. ते गटारात न सोडता बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडायला एका नव्या मोबाईलपेक्षा जास्त खर्च येत नाही.

आणि पुण्या-मुंबईत, नाशकात, परदेशात असलेल्या आमच्या लेकी-लेकांनो, आखाजीला या. गावातल्या जत्रेला, देवळाच्या कळसाला तुम्ही दरवर्षी वर्गणी पाठवता. यंदाची वर्गणी नाल्याच्या बंधाऱ्याला पाठवा. आणि आलात की माळ्यावरच्या पेटीतून जुना सातबारा, जुनं खरेदीखत काढून बघा. कुठं ना कुठं विहिरीची नोंद सापडेल. गावात ऐंशी वर्षांचं कोणी असेल त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तुमच्या लहानपणी पाणी किती परसांवर होतं. लिहून घ्या. त्या नोंदी गेल्या तर काय हरवलं हे आपल्या पोरांना सांगता येणार नाही.

१ मे रोजी प्रत्येक गावात ग्रामसभा असते. बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस माणसं येतात, सह्या होतात आणि संपते. यंदा शेकड्यानं या. बायांनो, तुम्ही पुढं बसा, कारण हंडा तुमच्या डोक्यावर असतो. त्या सभेत एकच विषय घ्या. गावातल्या दहा विहिरी आणि ट्यूबवेल निवडा, चार दिशांच्या, लहान शेतकऱ्याच्या आणि मोठ्याच्याही. त्यांची पाण्याची पातळी मोजा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगानं लिहा. दसऱ्याला पुन्हा मोजा, पुढच्या आखाजीला पुन्हा मोजा, त्याच भिंतीवर एकाखाली एक आकडे लिहीत जा. कांदेबाग लावायची वेळ आली की सगळ्यांनी त्या भिंतीसमोर उभं राहून ठरवा.

ट्यूबवेलमध्ये मोजायला दोरी उतरत नसेल तर पाईपवाल्याला सोबत घ्या. तो मोजून सांगेल. विहिरींसाठी मात्र दोरी लागेल. सुती नको, ओली झाली की आखडते. नायलॉनची आणा, दर तीन फुटांवर गाठ मारलेली, टोकाला एक लोखंडी नट बांधलेला. आमच्या गावची दोरी मी तयार करून ठेवली आहे. पहिली विहीर आजोबांची.